पुटपुटून चिनी येत नाही

मीरा रोड स्टेशनला पूर्वेला उतरून शांतीनगरच्या दिशेने चालत निघालात, तर थोड्याच वेळात कितीतरी चिनी अक्षरं डोळ्यांखालून जातात. मोबाईलच्या कव्हरांच्या पुठ्ठ्यांवर, चार्जरच्या मागच्या बारीक छपाईत, खेळण्यांच्या खोक्यांवर, दिवाळीच्या माळांच्या वेष्टनावर. कानावर मात्र एकही पडत नाही. नाक्यावर ‘चायनीज’च्या गाडीवर कढई आपटणारा माणूस ‘सूखा की ग्रेवी?’ एवढंच विचारतो. मुंबईत चिनी कुटुंबं अगदीच नाहीत असं नाही. माझगावात, डॉकयार्ड रोडजवळ सी यूप कून नावाचं चिनी देऊळ १९१९ पासून उभं आहे. पण ती कुटुंबं बहुतेक मुळात दक्षिण चीनमधली, घरात कॅन्टोनीज बोलणारी. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना हवी असते मंदारिन, म्हणजे चीनच्या शाळांची आणि कचेऱ्यांची भाषा.

मी शनिवार-रविवार मीरा रोडला मंदारिन शिकवते. खाली झेरॉक्सचं दुकान, वर माझी खोली. येणारी मुलं बहुतेक सगळी मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांमधली: एसवायबीकॉम, बीएमएस, इंजिनीअरिंग, एखादी एमएची. कुणाच्या वडिलांचा भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचा कारखाना असतो आणि मशीन चीनहून आलेली असते. कुणाला भाषांतराची नोकरी हवी असते. कुणी चीनमध्ये एमबीबीएसला असतं आणि सुट्टीत घरी येऊन माझ्याकडे बसतं, कारण इंग्रजीतून मेडिकल शिकायला गेलं तरी वॉर्डातला पेशंट इंग्रजी बोलत नाही. तिथे एचएसके या सरकारी परीक्षेची चौथी पायरी पार करावी लागते, आणि जुन्या सहा पायऱ्यांच्या रचनेत चौथ्या पायरीला १२०० शब्द लागतात.

कोरियन शिकणारी मुलगी रात्री उशिरापर्यंत सिरीयल बघत भाषा कानात मुरवते. जपानी शिकणाऱ्या मुलाला अॅनिमे असतं. चिनी शिकणाऱ्याला अशी सोबत फारशी नसते. आठवड्याचे चार तास सोडले तर ही भाषा त्याच्या कानावर पडतच नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची संस्था आपल्या अधिकाऱ्यांना कामापुरती चिनी यायला साधारण २२०० तासांचं शिक्षण धरते. स्पॅनिशला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. आमच्या चार तासांच्या हिशोबाने ही दहा वर्षांहून जास्त झाली. एवढ्या थोड्या तासांत मूल घाबरून गप्प बसलं, किंवा पंख्याच्या घरघरीत त्याला नीट ऐकूच आलं नाही, तर ती भरपाई कुठून करायची? म्हणून त्या खोलीत कोण हसतं, कोण थांबतं, खिडकी उघडी आहे की बंद, याला पुस्तकाहून जास्त महत्त्व आहे असं माझं ठाम मत झालं आहे. पुस्तकं सगळीकडे जवळपास तीच असतात.

भीतीपासून सुरुवात करते, कारण चिनीत भीती जे करते ते फ्रेंच-जर्मनमध्ये करत नाही.

मंदारिनमध्ये अक्षराचा सूर बदलला की शब्द बदलतो. चाओ युएनरन् या भाषाशास्त्रज्ञाने १९३० मध्ये आवाजाची एक ते पाच अशी पट्टी आखून हे सूर आकड्यांत मांडले. पहिला पाचवर स्थिर राहतो, दुसरा तीनवरून पाचवर चढतो, तिसरा दोनवरून एकवर उतरून पुन्हा वर येतो, चौथा पाचवरून एकवर कोसळतो. ‘माइ’ तिसऱ्या सुरात म्हटलं तर विकत घेणं, चौथ्या सुरात म्हटलं तर विकणं. कारखानदाराच्या मुलाला हा फरक किती महागात पडू शकतो हे मी वेगळं सांगत नाही.

आता वर्गात नवीन आलेला मुलगा बघा. उत्तर येत असतं, पण खात्री नसते. आपण भारतीय माणसं खात्री नसली की काय करतो? शेवट वर उचलतो, विचारल्यासारखा. ‘माइ?’ झालं, चौथ्या सुराचा दुसरा सूर झाला. त्याला उत्तर येत होतं, तोंडातून निघालेलं मात्र चुकीचं ठरलं. शेजारचा हसतो. पुढच्या वेळी हा मुलगा आवाज खाली घेऊन पुटपुटतो. आणि पुटपुटणं कुजबुजीपर्यंत गेलं की सूर उरतच नाही, कारण सूर म्हणजे स्वरतंतूंचं कंपन आणि कुजबुजताना स्वरतंतू कंप पावत नाहीत. फ्रेंचचा विद्यार्थी कुजबुजला तरी शब्द पोचतो. चिनीचा विद्यार्थी कुजबुजला की अर्धा शब्द घशातच राहतो.

ही भीती मोजायचा प्रयत्न झालेला आहे. १९८६ मध्ये ईलेन हॉरविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परभाषेच्या वर्गातल्या धास्तीची ३३ विधानांची प्रश्नावली तयार केली: नाव पुकारलं की छातीत धडधडतं का, बाकीचे आपल्यापेक्षा बरं बोलतात असं वाटतं का, अशा अंगाची. ती आज जगभर वापरतात, चिनी शिकणाऱ्यांवरही. हॉरविट्झ आणि सहकाऱ्यांचं म्हणणं होतं की ही धास्ती स्वभावातून येणाऱ्या घाबरटपणापेक्षा वेगळी आहे. गणिताच्या वर्गात हात वर करणारी मुलगी भाषेच्या वर्गात मान खाली घालते. मला हे पटतं. माझ्याकडे उत्तनची एक मुलगी आहे, घरी मासळीचा धंदा, बाजारात आईबरोबर बसली की चार गल्ल्यांपलीकडे आवाज जातो. पहिला महिनाभर माझ्या वर्गात तिचा आवाज मलाच ऐकू येत नसे.

तिचं तोंड उघडलं ते एका वेगळ्याच कारणाने, आणि ते जरा सविस्तर सांगायला हवं.

मीरा-भाईंदरच्या कॉलेजांत मराठी, गुजराती, मारवाडी, उर्दू, मल्याळी, भोजपुरी अशा घरांतली मुलं एका बाकावर बसतात. आपसांत हिंदी चालते, वर इंग्रजीचा मान. जी मुलं मराठी किंवा उर्दू माध्यमातून आली ती पहिल्या दिवसापासून मागच्या बाकावर. हा क्रम कुणी लावून देत नाही, आपोआप लागतो. कॉमर्सची डिव्हिजन शंभर-सव्वाशेची असते, तिथे तीन वर्षं गप्प बसून पदवी घेता येते. माझ्या खोलीत मुलं आली की तोच क्रम घेऊन येतात: कॉन्व्हेंटवाली पुढे, बाकीची भिंतीला.

पण चिनीच्या बाबतीत गंमत अशी की इंग्रजी चांगली असणं सुरुवातीला नडतं. चिनी उच्चार रोमन लिपीत लिहायची पिनयिन नावाची पद्धत चीनने १९५८ मध्ये स्वीकारली. ती घडवण्यात मोठा वाटा असलेले चौ यौक्वांग १११ वर्षं जगले, २०१७ मध्ये गेले. पिनयिनची अक्षरं रोमन असली तरी त्यांचे उच्चार इंग्रजीचे नाहीत. तिथे ‘बी’ लिहिलेलं असतं आणि उच्चार असतो आपल्या पाण्यातला प. ‘डी’ म्हणजे त, ‘जी’ म्हणजे क. म्हणून आपण ज्याला बीजिंग म्हणतो ते चिनी माणसाच्या तोंडी पेइचिंगच्या जवळ जातं. इंग्रजी डोळ्यांनी वाचणारा दर अक्षराला अडखळतो. प आणि त्याच्याबरोबर ह, त आणि त्याच्याबरोबर ह, हा भेद ज्याच्या घरच्या भाषेत आहे त्याला चटकन कळतो.

आणि मराठीच्या पदरात तर आणखी एक दान आहे. आपल्याकडे च दोन आहेत, चहातला वेगळा आणि चिमणीतला वेगळा. पिनयिनमध्ये ‘झेड’ लिहितात तो चहातला च. ‘जे’ लिहितात तो जवळपास चिमणीतला. ‘क्यू’ आला की छत्रीतल्या ‘छ’कडे जायचं. आणि ‘झेड-एच’ म्हणजे ट म्हणताना जीभ जिथे टेकते तिथे नेऊन च म्हणायचा. हिंदीत आणि प्रमाण गुजरातीत तो चहातला च नाही. एका शनिवारी मी हे फळ्यावर मांडलं आणि विचारलं, ‘हा उच्चार कोण करून दाखवतं?’ इंग्रजी माध्यमाची मुलं ‘ज़’ आणि ‘ज’ करत राहिली. मागून उत्तनची मुलगी म्हणाली, ‘चहा, चमचा, चटणी.’ मी म्हटलं, ‘पुन्हा म्हण.’ तिने म्हटलं. मग पुढच्या बाकावरचा, रोज परफ्यूम मारून येणारा मुलगा मागे वळून तिला विचारतो, ‘एक बार फिर बोल ना, जीभ कुठे ठेवतेस?’ त्या दिवसानंतर ती पुढे बसायला लागली. मी तिला तसं सुचवलं नव्हतं.

तेव्हापासून पहिले दोन महिने मी वहीत देवनागरीत, गुजरातीत, उर्दूत, ज्याला जसं हवं तसं उच्चार लिहू देते. शुद्धतावादी शिक्षकांना हे खपत नाही, आणि त्यांचा मुद्दा अगदी खोटा नाही; देवनागरीची कुबडी फार दिवस राहिली तर पोरं पिनयिन शिकतच नाहीत. पण घरची भाषा दाराबाहेर चपलेबरोबर काढून ठेवा असं सांगितलेलं मूल आत येऊन मोकळं बोलेल, ही अपेक्षा मला जास्त भाबडी वाटते.

शिक्षणशास्त्रात वर्गाच्या हवामानाचा अभ्यास कितीतरी दशकं होतो आहे. अमेरिकेत रुडॉल्फ मूस यांनी त्यासाठी मोजपट्टी केली. पुढे ऑस्ट्रेलियात बॅरी फ्रेझर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये सात अंगांची प्रश्नावली मांडली. मुलांचा आपसातला जिव्हाळा, शिक्षकाचा आधार, सहभाग, शोध घेण्याची मुभा, कामावर लक्ष, सहकार्य आणि समान वागणूक, अशी ती सात. यातलं शेवटचं, समान वागणूक, आपल्याकडे सगळ्यात कमी बोललं जातं. प्रश्न कुणाला विचारला जातो? माझी स्वतःची नजर नकळत उजवीकडच्या खिडकीकडे जाते, म्हणून मी नावांच्या चिठ्ठ्या करून डब्यात ठेवल्या आहेत. चिठ्ठी निघाली की उत्तर द्यायचं. मुलांना डब्याचा राग येतो, माझा येत नाही. माझी सोय झाली.

प्रश्न विचारल्यावर थांबायचं किती, यावरही काम झालेलं आहे. मेरी बड रो यांनी अमेरिकेतल्या विज्ञानाच्या वर्गांत पाहिलं की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम सेकंदभर थांबतात. तेच तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात, ‘माहीत नाही’ कमी होतं, न विचारता बोलणारी मुलं वाढतात. चिनीत तीनही कमीच. मुलाला चित्रासारखं अक्षर ओळखायचं असतं, त्याचा उच्चार आठवायचा असतो, मग सूर लावायचा असतो. मी मनात सावकाश पाच म्हणते. हे पाच फार लांब वाटतात. खाली झेरॉक्स मशीनचा आवाज येत राहतो आणि पुढची मुलं उत्तर फेकायला टपलेली असतात.

चूक सुधारण्याचंही तसंच. कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांवर रॉय लिस्टर आणि लैला रान्टा यांचा १९९७ चा अभ्यास गाजला. शिक्षक सर्वांत जास्त वापरतात ती पद्धत म्हणजे मुलाचं चुकलेलं वाक्य स्वतः बरोबर म्हणून पुढे जाणं. आणि मुलं सर्वांत कमी दखल घेतात तीही याच पद्धतीची. चिनीत तर मुलाला वाटतं, मॅडम माझंच वाक्य म्हणाल्या, म्हणजे बरोबर आलं. सूर चुकला हे त्याला कळतच नाही, कारण तो फरक ऐकू येत नाही हीच तर अडचण आहे. म्हणून मी तोंडाने काही न बोलता हात फिरवते: आडवा, चढता, खाली जाऊन वर, सपकन खाली. जगभर चिनीचे शिक्षक हेच करतात. मूल हात बघून स्वतः दुरुस्त करतं आणि वर्गाला चूक झाल्याचं पुरतं कळायच्या आत पुढचं वाक्य सुरू होतं.

कानाचं शिक्षण आवाजांच्या विविधतेवरही अवलंबून असतं. १९९९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. अमेरिकन विद्यार्थ्यांना दोन आठवड्यांत आठ बैठकांमधून वेगवेगळ्या चिनी माणसांच्या आवाजात सूर ओळखायला लावले. त्यांची ओळख २१ टक्क्यांनी सुधारली आणि सहा महिन्यांनीही टिकली. एकाच शिक्षिकेच्या आवाजावर वाढलेला विद्यार्थी त्या आवाजापुरताच पास होतो. मी मूळ भाषकांची ध्वनिमुद्रणं लावते: म्हातारे, बायका, सर्दी झालेला माणूसही. सर्दीवाला पोरांचा लाडका आहे.

ध्वनिमुद्रणाचा विषय निघाला की गोंगाटाचा येतोच. आमची खोली रुळांपासून फार लांब नाही. बोरिवली-विरार पट्ट्यात लोकल तर आहेतच, शिवाय गुजरातेकडच्या लांब पल्ल्याच्या गाड्या मीरा रोडला न थांबता भोंगा देत निघून जातात. १९७५ मध्ये आर्लिन ब्रॉन्झाफ्ट यांनी न्यूयॉर्कच्या एका शाळेत पाहणी केली होती. शाळेच्या एका बाजूला उन्नत रेल्वे. साडेचार मिनिटांना एक गाडी. रुळांकडच्या वर्गांतली मुलं वाचनात शांत बाजूच्या मुलांपेक्षा मागे होती, वरच्या इयत्तेत तर जवळजवळ वर्षभर. मग रुळांखाली रबराच्या गाद्या बसवल्या, वर्गांच्या छताला आवाज शोषणारे तक्ते लावले, आणि १९८१ च्या पाहणीत फरक उरला नव्हता. मातृभाषेत वाचणाऱ्या मुलांची ही गोष्ट. परक्या भाषेचे सूर ऐकणाऱ्यांचं काय होत असेल!

गोंगाटात सूर त्या मानाने तग धरतो, निदान मूळ भाषकाला तरी तो ओळखू येतो. बारीक, सळसळणारी व्यंजनं आधी पडतात: स, श, ष यांच्या जवळपासचे चिनी उच्चार. टाईल्सच्या, उघड्या भिंतींच्या खोलीत आवाज घुमतो आणि ती एकमेकांत मिसळतात. अमेरिकेत वर्गखोल्यांसाठी मानक आहे: रिकाम्या खोलीतला आवाज ३५ डेसिबलच्या आत आणि घुमणं ०.६ सेकंदाच्या आत. आमच्याकडे नुसता पंखा लावला तरी पस्तिशी ओलांडली जात असेल. मी एवढंच केलं: मागच्या भिंतीला जुन्या सतरंज्या टांगल्या, खुर्च्या घोड्याच्या नालासारख्या मांडल्या, ऐकण्याच्या सरावाला पंखा बंद. मे महिन्यात तो सराव सहा मिनिटांवर जात नाही. घोड्याच्या नालाचा फायदा आवाजापुरता नाही. सगळ्यांना सगळ्यांची तोंडं दिसतात, आणि उच्चार निम्मा तोंड बघूनच येतो. कॉलेजातल्या जमिनीला ठोकलेल्या बाकांवर हे होत नाही. तिथे मुलाला समोरच्याची मान दिसते.

२०२० मध्ये कोविड आला आणि मानसुद्धा दिसेनाशी झाली. काळे चौकोन, बंद माईक. मीटिंगच्या ॲपमध्ये पार्श्वभूमीचा आवाज काढून टाकायची सोय असते, तिच्या तडाख्यात पोरांचे हळू बोललेले शब्दही गेले. त्या काळातली एक गोष्ट मात्र मी टिकवली आहे, व्हॉइस नोट. मूल गच्चीवर, जिन्यात, बाथरूममध्ये एकटं उभं राहून वाक्य म्हणतं, ऐकतं, पुसतं, पुन्हा म्हणतं आणि पसंत पडलेलं पाठवतं. ऐकणारं कुणी नसल्यामुळे आवाज मोकळा असतो. वर्गात चौथा सूर कधीच न लागणाऱ्या एका मुलाचा व्हॉइस नोटमधला चौथा सूर दणदणीत असे. पुढचं काम तो आवाज वर्गात आणण्याचं, आणि त्याला वेळ लागतो.

मी स्वतः चीनमध्ये एका विद्यापीठात वर्षभर राहून आले. तिथल्या वर्गात कोरियन, कझाक, रशियन, थाई, एक इथिओपियन, आणि मी. कुणाची भाषा कुणाला येत नव्हती, इंग्रजीही निम्म्यांना नव्हती, त्यामुळे मोडकीतोडकी चिनी हीच आमची गावकी. शेजारच्या कोरियन मुलीकडे खोडरबर मागायचं तरी चिनीतच मागावं लागे. मीरा रोडला असं होत नाही. इथे सगळ्यांकडे हिंदी आहे, आणि ती इतकी सोयीची की वाक्य अर्ध्यावर अडलं की पोरं हिंदीत उतरतात. मी हिंदीवर दंड लावून पाहिला, एका वाक्याला एक रुपया. पोरांनी पैसे आधीच भरून टाकले आणि निवांत हिंदी बोलली. व्यापाऱ्यांचं गाव आहे.

खोलीचं हवामान खोलीतच तयार होतं असंही नाही. मुंबई विद्यापीठात २०१३ मध्ये तिआन्जिनच्या तंत्रज्ञान विद्यापीठाबरोबर कन्फ्युशियस इन्स्टिट्यूट ही चीनच्या पाठबळाची भाषासंस्था सुरू झाली तेव्हा चिनी शिकणं हुशारीचं मानलं जाई. २०२० च्या जूनमध्ये गलवान खोऱ्यात भारत आणि चीनच्या सैन्याची चकमक झाली. त्याच वर्षी नव्या शैक्षणिक धोरणाच्या अंतिम मसुद्यात परदेशी भाषांच्या उदाहरणांतून चिनीचं नाव गेलं, आणि देशभरातल्या कन्फ्युशियस इन्स्टिट्यूटचा आढावा घ्यायचं सरकारने ठरवलं. थेट विमानं बंद झाली ती २०२५ च्या ऑक्टोबरपर्यंत. या सगळ्यात एकोणीस वर्षांच्या मुलीला सोसायटीच्या लिफ्टमध्ये विचारतात, ‘चिनी कशाला शिकतेस गं? दुसरी भाषा मिळाली नाही?’ ती हसून वेळ मारून नेते, पण वर्गात येते तेव्हा थोडी आक्रसलेली असते. सैन्याला, परराष्ट्र खात्याला, बंदरांना, औषध कंपन्यांना ही भाषा येणारी माणसं लागतात हे मी पालकांना सांगते. भांडण असलेल्या शेजाऱ्याची भाषा जास्त यायला हवी, हे तर शांतीनगरच्या कुठल्याही सोसायटीच्या सेक्रेटरीला पटेल.

मराठी माणसाला ही भाषा परकी राहिलेली नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले. त्यांच्या वर्गाला भिंती नव्हत्या. जखमी सैनिक, परिचारिका, खेड्यातली माणसं सगळी चिनीच बोलणारी. ते चिनी शिकले, पुढे विद्यार्थ्यांना त्याच भाषेत वैद्यक शिकवलं, क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं आणि १९४२ च्या डिसेंबरात, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. वसंत परांजपे पेकिंग विद्यापीठात शिकले आणि १९५४ मध्ये नेहरू चीनला गेले तेव्हा दुभाषी होते. दोघांच्याही कानावर भाषा दिवसभर पडत होती. ही उदाहरणं मी मुलांना सांगते, पण जपून. ‘कोटणीसांना आली, तुम्हाला का येत नाही?’ असा सूर लागला की पुन्हा तीच मान खाली.

वर्गातल्या ताणावर माझा आवडता उतारा अक्षरं हा आहे. आल्या आल्या पहिली दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही. गणिताची चौकटीची वही काढायची, एका चौकटीत एक अक्षर, रेघांचा क्रम न चुकवता. आडवी आधी, उभी नंतर; डावीकडून उजवीकडे; चौकट बंद करणारी रेघ सगळ्यात शेवटी. लोकलला लटकत आलेली मुलं या दहा मिनिटांत माणसात येतात. एका कारखानदार वडिलांनी मला विचारलं होतं, ‘मॅडम, लिहायला मोबाईल आहे की. पोराला बोलता आलं पाहिजे, लिहिण्यात टाईम कशाला घालवता?’ मी त्यांना म्हटलं, ‘लिहिल्यावरच तुमचा मुलगा बोलतो, बसून बघा.’ ते खरंच बसले, मागच्या खुर्चीत, तासभर. निघताना स्वतःचं आडनाव चिनीत कसं लिहायचं ते विचारून गेले.

तोच मुलगा पुढे क्वांगचौच्या व्यापार मेळ्याला गेला. १९५७ पासून वसंतात आणि शरदात भरणारी ती मोठी जत्रा, भाईंदरच्या भांडीवाल्यांना ओळखीची. तिथून त्याचा फोन आला. ‘लाओशी (मॅडम), माझं त्यांना सगळं कळतंय. त्यांचं मला कळत नाही. इथे सगळे एकदम बोलतात, वर स्पीकर चालू असतो.’ आकडे सांगताना विक्रेत्याने कॅल्क्युलेटर पुढे केला, तेव्हा कुठे सौदा झाला.

म्हणून वरच्या बॅचला मी आता शेवटचा अर्धा तास खिडकी उघडी ठेवते, पंखा पाचवर, आणि दोन जोड्यांना एकाच वेळी बोलायला लावते. नवीन मुलांसाठी शांतता, जुन्यांसाठी मीरा रोड. खालच्या झेरॉक्सवाल्याची त्यावर तक्रार आहे. त्याचं म्हणणं, गिऱ्हाईक किती कॉपी म्हणालं ते आमच्या आवाजात त्याला ऐकू येत नाही.